मदत हवी आहे: ॲन फ्रँकच्या डायरीच्या संपूर्ण मजकुराचा मराठी अनुवाद

नववीच्या वर्गात ॲन फ्रँकवर (दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणारी ज्यू मुलगी) एक तासिका घ्यायची आहे. युद्ध, लपून राहणं हे मुलांना साधारण ठाऊक आहे. मला दाखवायचंय ते वेगळंच. २८ मार्च १९४४ला लंडनहून डच रेडिओवर युद्धकाळातल्या डायऱ्या जपून ठेवण्याचं आवाहन झालं आणि मे महिन्यात या पोरीनं स्वतःचीच डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. बरंच गाळलं, बरंच बदललं. पुढे १९४७च्या आवृत्तीत वडिलांनी आईवरचा राग, शरीराविषयीचं लिखाण यातलं काही वगळलं. म्हणजे कात्री दोनदा चालली, आणि पहिली तिची स्वतःची!

ग्रंथालयात मिळाले ते मराठी अनुवाद चाळले. कोणत्या आवृत्तीवरून केलेत याचा उल्लेखच नाही. दोन्ही मसुदे शेजारीशेजारी देणारी १९८६ची डच आवृत्ती इंग्रजीतही आहे, पण मुलांना इतकं इंग्रजी झेपणार नाही. पीडीएफ नको, पुस्तक विकत घेईन.

१९९१च्या, वगळलेला मजकूर परत घेतलेल्या आवृत्तीवरून झालेला मराठी अनुवाद कुणी प्रत्यक्ष पाहिलाय का? अनुवादक, प्रकाशक कोण?