शिवून घेतलेल्या पँटला मागे वळ्या पडतात: दोष कापडाचा की बेतण्याचा?

रामबागचा रहिवासी
नमस्कार. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून टेरीवूलचे दोन पीस घेतले आणि त्यांतला एक घराजवळच्या शिंप्याकडे ऑफिसच्या पँटसाठी टाकला. कंबर बरोबर बसते, खाली बसताना कुठे ताण येत नाही. मात्र उभे राहिल्यावर सीटच्या खाली दोन-तीन सैल आडव्या वळ्या पडतात आणि गुडघ्याखाली क्रीज बाहेरच्या अंगाला वळते. तक्रार केली तेव्हा त्यांनी मोहरी (पायाच्या तळाचा घेर) 16 इंचांवरून 14 वर आणली, तर वळ्या उलट वाढल्या. आता म्हणतात, कापडालाच फॉल (सरळ लोंबण्याचा गुण) नाही. दुकानदाराने ते 'सुपर 120' म्हणून दिले होते. ही पँट सुधारेल का, आणि दुसरा पीस देताना काय सांगावे?

जुना कटर
कापडाला दोष देण्याआधी आरशासमोर दोन गोष्टी करून पाहा. घरातल्या कोणाला तरी मागे उभे करा, कारण आपण स्वतः मान वळवून पाहू लागलो की पाठ वळते आणि पँटचे पडणेच बदलते. त्यांना मागचा कमरपट्टा मधोमध धरून अर्धा इंच वर उचलायला सांगा. वळ्या निघून गेल्या आणि आसन (दोन पायांमधला भाग) अंगात रुतले नाही, तर मागचा भाग तुमच्या बांध्याला लांब झाला आहे. सपाट सीट असलेल्या माणसांना हे हमखास होते, कारण बहुतेक मास्तर ठरलेल्या मापाने मागची उंची देतात आणि पाठीची ठेवण बघत नाहीत. अशा वेळी पट्टा उसवून मागचा भाग वरून तेवढाच उतरवायचा आणि पट्टा पुन्हा लावायचा. अर्ध्या दिवसाचेही काम नाही.

उचलूनही वळ्या राहिल्या, तर पोटरीकडे पाहा. मागचे कापड पोटरीवर अडकले की ते खाली सरकत नाही आणि वरचे सगळे कापड सीटखाली साचते. मोहरी कमी केल्यावर वळ्या वाढल्या, यावरून मला पोटरीचाही संशय येतो. आतला दाब (शिलाईच्या आत ठेवलेले जास्तीचे कापड) कापून टाकलेला नसेल, तर मोहरी पुन्हा सोडता येईल. जुन्या शिलाईची खूण मात्र थोडी राहू शकते.

कापडाच्या धंद्यातला
'सुपर' या आकड्याबद्दल थोडे लिहितो, कारण गिऱ्हाईक त्यावर फार भाळते. तो लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतो: सुपर 100 म्हणजे तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन, सुपर 120 म्हणजे 17.75. कापड किती जड आहे किंवा अंगावर कसे पडेल, हे त्यातून कळत नाही. शिवाय ही मोजणी लोकरीसाठी आहे, पॉलिएस्टर मिसळलेल्या टेरीवूलवर ती छापलेली दिसली तरी फारसे मनावर घेऊ नये. पँट नीट लोंबावी असे वाटत असेल, तर वजन विचारा. मीटरला साधारण 250 ते 280 ग्रॅमचे कापड स्वतःच्या भाराने सरळ पडते, त्याहून बरेच हलके असेल तर बेतण्यातली प्रत्येक चूक उघडी पडते. अर्थात इंदूरच्या मे महिन्यात तेवढे जड कापड कोण घालणार, हा प्रश्न उरतोच. तेव्हा उन्हाळ्यासाठी हलके कापड घेऊन पुढच्या भागाला गुडघ्यापर्यंत अस्तर लावून घ्यावे.

रामबागचा रहिवासी
पट्टा उचलून पाहिला. वळ्या जवळजवळ पूर्ण गेल्या, आसनही रुतले नाही. क्रीज मात्र तशीच बाहेर वळते.

जुना कटर
मग मागची उंची हे मुख्य कारण ठरले. क्रीजसाठी पँट टेबलावर ठेवून एक पाय क्रीजवर दुमडा आणि गुडघ्यापासून खाली आतली व बाहेरची शिलाई एकमेकींवर बसते का ते पाहा. बसत नसेल, तर पायाचा पुढचा आणि मागचा पल्ला (कापलेला तुकडा) जोडताना सरकला आहे. शिलाई उसवून पुन्हा जोडता येते. शिलाया जुळत असतील, तर कापडाचा उभा धागा क्रीजबरोबर जातो का तेवढे नीट बघा. पल्ला तिरपा कापला गेला असेल, तर त्यावर उपाय नाही, आणि कितीही इस्त्री केली तरी क्रीज दोन दिवसांत पुन्हा वळेल. उसवण्याआधी हे बघून घ्या, नाहीतर मजुरी वाया जाईल. पाय किंचित बाहेर वाकलेले असले तरीही क्रीज बाहेर जाते, पण त्याचा विचार बेततानाच करायचा असतो.

दुसऱ्या पीससाठी माप देताना पँट कमरेवर जिथे रोज घालता तिथेच धरा आणि ऑफिसचे बूट घालून जा. कच्च्या शिलाईवर ट्रायल मागा. त्याचे वेगळे पैसे सांगितले तरी द्या, कारण पट्टा पक्का झाल्यावर मास्तर तो सहसा उसवायला तयार होत नाही. सीटच्या मधल्या शिलाईत मागे निदान एक इंच दाब ठेवायला सांगा. मोहरी मागच्या अंगाला पुढच्यापेक्षा सुमारे अर्धा इंच लांब ठेवली, तर पुढे बुटावर कापड गोळा होत नाही आणि मागे टाच झाकली जाते. एवढे ऐकून घ्यायला मास्तर तयार नसेल, तर पीस तूर्त कपाटातच राहू द्या.