डिजिटल निगेटिव्हला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर: सोसायटीतल्या मुलांना सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळं चित्र छापायची जुनी पद्धत, शिकवतोय. त्यांच्यासाठी पानभर कृती लिहिताना एका शब्दावर अडलोय. मोबाइलमधल्या फोटोचं काळं-पांढरं उलटवायचं, पारदर्शक शीटवर इंकजेटने छापायचं आणि ती शीट रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायची. या शीटला काय म्हणू? 'व्यस्त प्रत' लिहिलं, तर मुलांना वाटलं व्यस्त म्हणजे बिझी.

पेठकर: व्यस्त प्रमाण शाळेत शिकतातच की! हिंदीतला अर्थ डोक्यात बसला म्हणून आपला शब्द का सोडायचा? शब्द तोच ठेवा, अर्थ समजावून सांगा.

निळीशाई: 'उलटी प्रत' म्हणा ना सरळ.

कोथरूडकर: तिथेच घोळ होतो. उलटवायच्या गोष्टी दोन आहेत. एक काळं-पांढरं. दुसरं डावं-उजवं, कारण शाईची बाजू कागदाला चिकटून असली तरच कडा स्वच्छ येतात. 'उलटी' म्हटलं की मुलं एकच काहीतरी करतात आणि फोटोतली दुकानाची पाटी आरशातल्यासारखी छापून येते.

डेक्कनवाला: निगेटिव्ह हा मराठीच शब्द आहे आता. आमच्याकडे लग्नाच्या अल्बमबरोबर पाकिटात निगेटिव्हच असायच्या, ऋणप्रती नव्हेत. शिवाय निगेटिव्ह-पॉझिटिव्ह हे शब्द फोटोग्राफीत रूढ केले जॉन हर्शेलने आणि 1842 मध्ये सायनोटाइप शोधलं तेही त्यानेच. त्याच्या पद्धतीला त्याचाच शब्द शोभतो.

पेठकर: शोधकाचा मान वेगळा, भाषेची गरज वेगळी. 'फोटो'ला छायाचित्र म्हटलं तेव्हाही हीच कुरकुर झाली असणार.

डेक्कनवाला: आणि आजही घरोघरी लोक 'फोटो'च काढतात!

जुनाआरेखक: माझे वडील ड्राफ्ट्समन होते. ब्लूप्रिंट म्हणजे हेच सायनोटाइप. ट्रेसिंग पेपरवर काळ्या रेघा, प्रिंटवर निळ्यात पांढऱ्या. म्हणजे तिथे वर ठेवायची ती पॉझिटिव्ह आणि हातात यायची ती निगेटिव्ह! पुढे अमोनिया प्रिंट आली, पांढऱ्यावर निळ्या रेघा, तरी लोक तिलाही ब्लूप्रिंटच म्हणत राहिले. त्यामुळे नाव रंगांच्या उलटापालटीवरून नको, कामावरून द्या. मला 'ठसा' आवडेल.

निळीशाई: ठसा दाबून उमटवतात, इथे ऊन आरपार जातं. शिवाय उमटतो त्यालाही आपण ठसाच म्हणतो, मग शीट कुठली आणि चित्र कुठलं? मला तर अशा जुन्या पद्धतींना 'पर्यायी छपाई' म्हणतात, तेही खटकतं. कशाला पर्याय? ही पद्धत रोल फिल्मच्या कितीतरी आधीची.

कोथरूडकर: बरोबर, मी 'उन्हातली छपाई' लिहिलंय. एन्लार्जरचा (छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राचा) उजेड या रसायनाला पुरत नाही, अतिनील किरण लागतात. म्हणून जेवढं चित्र हवं तेवढीच मोठी शीट घ्यावी लागते.

नवशिकी: मध्येच विचारते. झेरॉक्सवाल्याकडच्या पारदर्शक ओएचपी शीटवर माझ्या प्रिंटरची शाई वाळतच नाही, थेंब जमतात.

कोथरूडकर: ती लेझरची शीट असेल. इंकजेटसाठी लेप दिलेली वेगळी मिळते, अप्पा बळवंत चौकात विचारा. लेपाची बाजू हाताला किंचित खरखरीत लागते, छापायचं त्याच बाजूला.

नवशिकी: आणि आमच्या बोअरच्या पाण्यात धुतल्यावर निळा फिका पडतो, तो कशाने?

जुनाआरेखक: पाणी अल्कधर्मी असेल. पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. धुण्याच्या सोड्याचा हात तर अजिबात लावू नका.

पेठकर: 'व्यस्त प्रत'वर अजून कुणी सबळ आक्षेप घेतलेला नाही, हे नोंदवतो.