फॅमिली पेन्शनचा कर पगारातूनच कापून घ्यावा, की स्वतः भरावा?

रानजाई:
मावसबहिणीचे यजमान यंदा, म्हणजे २०२५ च्या मार्चअखेर गेले. ते पाटबंधारे खात्यात होते. ती पुण्यात खासगी नोकरी करते, वर्षाचा पगार ११ लाख. पेन्शनची फाइल ऑगस्टमध्ये सुटली आणि एप्रिलपासूनची थकबाकी एकदम खात्यात आली. सगळं धरून महिना ३० हजार.

२०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत तिला पगारावर एक रुपयाही कर नव्हता. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १०.२५ लाख उरतात आणि १२ लाखांपर्यंत कलम ८७एची सूट आहे, म्हणजे कर शून्य. आता वर्षाची पेन्शन ३.६० लाख, त्यातून २५ हजारांची वजावट, म्हणजे ३.३५ लाख. बेरीज १३.६० लाख. सूट गेली, आणि कर नुसता वरच्या १.६० लाखांवर लागत नाही, ४ लाखांच्या पुढच्या सगळ्यावर लागतो. सेससकट ८७,३६० रुपये! पगाराच्या स्लिपवर टीडीएसपुढे (आधीच कापून घेतलेला कर) अजून शून्यच आहे, कारण कंपनीला यातलं काही माहीत नाही. फॅमिली पेन्शन कायद्याने पगारात धरत नाहीत, 'इतर उत्पन्नात' धरतात. त्यामुळे पेन्शन देणारी सरकारी ट्रेझरीही तिच्यावर टीडीएस कापत नाही.

माझं मत: १२बीएए फॉर्म भरून कंपनीला हे इतर उत्पन्न कळवावं. सप्टेंबर ते मार्च सात पगारांतून साडेबारा-साडेबारा हजार गेले की विषय संपला. जिला सध्या बँकेचं पाकीट उघडवत नाही, तिच्या मागे ॲडव्हान्स टॅक्सच्या (वर्ष संपायच्या आत स्वतः हप्त्यांनी भरायच्या कराच्या) तारखा कशाला लावायच्या?

सोलापुरी चादर:
अजिबात पटलं नाही. दोन पगारांवर चालणारं घर एका पगारावर आलंय, घराचा हप्ता मात्र तेवढाच आहे. अशा वर्षी हातात येणारा पगार आपणहून कमी करून घ्यायचा? सगळा कर १५ मार्चला एकरकमी भरला, तरी आधीचे हप्ते चुकल्याचं कलम २३४सीचं व्याज साडेतीन हजारांच्या आसपास होतं. महिन्याला साडेबारा हजार हाताशी राहण्याची ही किंमत मला तरी जास्त वाटत नाही. शिवाय छोट्या कंपनीत कुणाला किती पेन्शन बसली, हे दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

गोदाकाठ:
पण विधवेच्या पेन्शनवर कर नसतोच ना? आमच्या वहिनींनी कधी भरला नाही.

रानजाई:
असतो. सैन्यातला किंवा निमलष्करी दलातला माणूस कारवाईत गेला, तर त्याच्या घरच्यांची पेन्शन करमुक्त. पाटबंधारे खात्याला ती सवलत नाही. विम्याचे आणि पीएफचे पैसे करमुक्त मिळतात, म्हणून लोक पेन्शनही त्यातच धरतात. तुमच्या वहिनींचं एकूण उत्पन्नच कराखाली येत नसेल.

चादर, मार्चमध्ये ८७ हजार एकदम आणायचे कुठून? थकबाकीचे दीड लाख आले होते, त्यातले निम्मे दवाखान्याच्या उधारीत गेले. आणि मार्च हुकला की एप्रिलपासून कर थकल्याचं कलम २३४बीचं व्याज महिन्याला एक टक्का वेगळं. कंपनीने मार्चपर्यंत सगळा कर कापला, तर ॲडव्हान्स टॅक्सच उरत नाही, मग व्याजही नाही.

फॉर्म सोळा:
सीएच्या ऑफिसात बसतो म्हणून सांगतो, दोघांच्याही हिशोबात ठेवी नाहीत. नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावावर केलेल्या एफडीचं व्याज त्यांच्या हयातीत त्यांच्या रिटर्नमध्ये जात होतं. ते गेल्यानंतरचं व्याज हिचं. बँक ५० हजारांच्या वर व्याज गेलं तर १० टक्के कापते, हिचा वरचा टप्पा १५ टक्क्यांचा आहे. म्हणजे ८७ हजारांवर आणखी भर. फॉर्म भरणारच असाल तर हेही त्यात टाका, नाहीतर जुलैत पुन्हा तोंडचं पाणी पळेल. आणि हा फॉर्म दर वर्षी नव्याने भरायचा असतो. नोकरी बदलली तर नव्या ठिकाणीही.

सोलापुरी चादर:
म्हणजे आता ठेवीही ऑफिसला दाखवायच्या! त्यापेक्षा पेन्शनच्या खात्यातून दरमहा साडेबारा हजार आपोआप रिकरिंगला वळवा. त्यातून १५ डिसेंबर आणि १५ मार्च या दोन तारखांना चलान भाऊ किंवा बहीण कुणीही भरेल. पैसा तिच्या ताब्यात राहतो. मुलाची फी आली तर मोडता तरी येतो. टीडीएस गेला की रिटर्न भरेपर्यंत हात लावता येत नाही.

रानजाई:
मोडता येतो, माझी भीती नेमकी तीच आहे.

फॉर्म सोळा:
भांडा खुशाल, पण तिच्या कंपनीच्या पोर्टलवर 'अदर इन्कम'चा रकाना कधी बंद होतो ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी जानेवारीनंतर काही घेत नाहीत. तोवर ठरलं नाही, तर चादर म्हणतात तेच करावं लागेल, पटो न पटो.