मोठा कुत्रा शेतात पुरायचा असेल तर खड्डा किती खोल हवा?

रानवाट: लॅब्राडॉर, वय 13, वजन 30 किलोच्या आसपास. किडन्या गेल्यात, डॉक्टरांनी दोन-चार दिवस सांगितलेत. साताऱ्याजवळ स्वतःचं शेत आहे. जमीन काळी, विहीर जवळ, पाऊस चालू. खड्डा किती घ्यायचा? चुना-मीठ टाकायचं का? वर चाफा लावायचा विचार आहे.

मुरूम: काळ्या रानात शक्यतो नको. पावसात खड्डा पाण्याने भरतो आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. भेगेतून वास वर आला की भटकी कुत्री उकरणारच. मुरमाड, उंचवट्याची जागा बघा. विहिरीपासून निदान 100 फूट लांब, तीही विहिरीच्या वर नाही, उताराला खाली.

खड्डा साडेतीन-चार फूट लांब, अडीच फूट रुंद, चार फूट खोल. अंगावर तीन फूट माती बसली पाहिजे. पण सहा-सात फूट खणण्याची हौस नको: तिथे हवा कमी, कुजायला फार वेळ लागतो. तळाला पाणी पाझरताना दिसलं तर जागा बदला, उपसत बसू नका.

सुती चादर किंवा गोणपाटात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत वर्षानुवर्षं नुसता चिखल राहतो. निम्मी माती टाकून पायाने दाबा, मग चपटे दगड, मग उरलेली माती. वर वीतभर उंचवटा ठेवा, पहिल्या पावसातच माती खचते.

चुन्याने लवकर कुजतं हा गैरसमज आहे, उलट वेळ लागतो. मिठाने जमीन खराब होते, चाफाही जगणार नाही. चाफा पुढच्या पावसाळ्यात लावा आणि दोन-तीन फूट बाजूला, नाहीतर मुळं जळतात.

गोचीड: खणण्याआधीचं थोडं. दोन-तीन तासांत शरीर ताठ होऊ लागतं, त्यामुळे पाय लगेच पोटाशी दुमडा, नाहीतर खड्डा पुरत नाही. खाली जुना टॉवेल घाला, लघवी-शी बाहेर येते. हातमोजे घालाच. अंग गार पडलं की गोचिड्या उतरून माणसाकडे वळतात. बर्फ पिशव्यांत भरून पोटाशी ठेवा, फुगायला तिथूनच सुरुवात होते. तरी त्याच दिवशी उरका.

रानवाट: डॉक्टर इंजेक्शन देऊन झोपवायचं म्हणतायत. त्याने काही फरक पडतो?

मुरूम: पडतो. कुठलं औषध ते विचारून घ्या. पेंटोबार्बिटल असेल तर ते मांसात टिकून राहतं, उकरून खाणारं जनावर मरू शकतं. मग दगडांचा थर टाळायचा नाही.

गोचीड: फ्लॅटमधल्यांसाठी: सोसायटीची बाग किंवा नदीकाठ नको, दाहिनीच बरी. मुंबईत मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी गॅसदाहिनी 2023 पासून आहे. आणि रेबीजचा संशय असेल तर कुणीही हात लावू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.