डॉक्टरांच्या एमजीबीत इंजिन ॲम्बेसेडरचं? तारखेच्या शिक्क्यांवरून कळेल का?

आर्वीरोड:
नमस्कार. पुलगावपासून आत आमचं गाव, जि. वर्धा. इथल्या दिवंगत डॉक्टरसाहेबांच्या कोठ्यात १९६५ ची एमजीबी (एमजी कंपनीची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी) उभी आहे, उघड्या टपाची. विलायतेहून परतताना त्यांनी ती सोबत आणली होती. आता सूनबाईंना ती विकायची आहे. गावात ट्रॅक्टर सोडून दुसरं काही उघडणारा मीच, म्हणून माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं.

नागपूरहून एक घेणारा आला, बॉनेट उचललं, "इंजिन ॲम्बेसेडरचं आहे" म्हणाला आणि भाव निम्म्यावर आणला. इंजिनावर नंबरची पट्टी नाही, नुसती रिव्हेटची भोकं. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगला ठिणगी वाटणारा भाग) २५डी४, ४०८९७ आणि ११ ६४ वाचता येतं. स्टार्टरवर १२ ६४. डायनॅमोवर (बॅटरी चार्ज करणारा भाग) लुकास-टीव्हीएस. आरसी बुकात इंजिन नंबर १८जीबी असा सुरू होतो. एवढ्यावरून इंजिन अस्सल म्हणता येईल का?

व्ही८_धंतोली:
ब्लॉकवरची ओतकामाची तारीख शोधा. जनरल मोटर्सच्या गाड्यांत महिन्याला अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. फोर्डवाले आय वगळून एम पर्यंत जातात. सालाचा मात्र शेवटचा आकडाच, त्यामुळे ५ म्हणजे १९६५ की १९७५ हे आपणच ओळखायचं.

डायनॅमोकाका, परतवाडा:
धंतोलीवाले भाऊ, ते अमेरिकन गाड्यांचं झालं. लुकासवाले, म्हंजे हे इलेक्ट्रिकचे पार्ट बनवणारी इंग्रजी कंपनी, अक्षरं-बिक्षरं लावत नव्हते. महिना अन् साल, बस. ११ ६४ म्हंजे नोव्हेंबर १९६४. ४०८९७ हा पार्ट नंबर, अन् तो एमजीबीचाच हाय. लुकासचा माल एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात गाडीवर चढेपर्यंत काही आठवडे, कधी दोन-चार महिने जात. म्हून पार्टची तारीख गाडीच्या थोडी आधीची पाह्यजे. नंतरची निघाली तं पार्ट बदललेला, वादच नाही. लय आधीची असली तरी संशय धरजो. तुह्या दोन्ही तारखा ६५ च्या गाडीले शोभतात.

पण राजा, यानं इंजिनाचं काहीच सिद्ध होत नाही! ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन अन् एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीजचे सख्खे भाऊ. डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर इकडचे तिकडे बसवाले किती वेळ लागते? परतवाड्यात गाड्यांची वायरिंग करताना असा खिचडीमाल म्या लय पाह्यला. साहेबाची इंग्रजी गाडी बसली का मिस्त्री ॲम्बेसेडरचा माल ठोकून मोकळा. विलायतेहून पार्ट कोण मागवत बसते? म्हून त्या घेणाऱ्याची शंका खोटी नाही, पाच मिनिटांत निकाल देणं खोटं हाय.

आपले मिस्त्री प्लगच्या भोकात तार घालून स्ट्रोक, म्हंजे पिस्टनची वर-खाली चाल, मोजतात. इथं ते चालत नाही, काहून का दोघांचाही स्ट्रोक ८८.९ मिमी. फरक बोअरमधी, म्हंजे सिलिंडरच्या भोकाच्या रुंदीत हाय: ॲम्बेसेडर ७३, एमजीबी ८०.२६. हेड, म्हंजे इंजिनाचं वरचं झाकण, उघड अन् मोज. सात मिमी तं पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनंही दिसते. रिबोअर करून करून, म्हंजे भोक कापून मोठं केलं तरी, ॲम्बेसेडरचा ब्लॉक ८० वर जात नाही. फक्त हेड गॅस्केट (हेडखालची सील) नवी हाती आल्यावरच उघडजो, अन् ती एमजीबीचीच मागवजो.

लुकास-टीव्हीएस ही मद्रासची कंपनी, १९६१ ची. ॲबिंग्डनले मद्रासचा डायनॅमो कोण पाठवते? तो इथंच बदलला. तरी डायनॅमो हाय हे बरं. एमजीबीले अल्टरनेटर १९६७ च्या शेवटी आला, ६५ च्या गाडीत तो दिसला असता तं मीच तुले प्रश्न विचारले असते.

आकड्यांवर पॉलिश पेपर घासू नको बाप्पा. रॉकेल अन् जुना दातांचा ब्रश. मग खडू फिरव, आकडे पांढरे उठतात. जुन्या गंजात एखादाच आकडा कोरा चकचकीत दिसला तं तो मागाहून ठोकलेला समज.

आरटीओचा_शेजारी, अकोला:
इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. पैसे भरून चासीस नंबर दिला की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. गाडी कधी बनली, रंग कोणता, इंजिन नंबर काय, सगळं कारखान्याच्या नोंदीवरून. ते आरसीशी ताडून पाहा. नंबर जीएचएन३ पासून सुरू होत असेल.

घेणाऱ्याला व्हीए मालिकेत (जुन्या व्हिंटेज गाड्यांचे नंबर) नोंदणी हवी असेल तर २०२१ चा केंद्रीय नियम बघा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी लागते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि चासीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. इंजिनाचा वाद आधी मिटवा.

आर्वीरोड:
गॅस्केट आली, हेड उघडलं. बोअर ८०.८ च्या आसपास. पिस्टनच्या डोक्यावर ०२० आहे. सर्टिफिकेटसाठी अर्ज केलाय.

डायनॅमोकाका, परतवाडा:
०२० म्हंजे २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), अर्धा मिमी. ८०.२६ मधी अर्धा मिळव, हिशोब बसला. एकदा रिबोअर झालेलं एमजीबीचं इंजिन. नंबरची पट्टी तवाच काढली असंन अन् लावायची राहिली असंन.

तरी "याच गाडीचं मूळ इंजिन" असं लिहून देऊ नको. तेवढं बोअर सांगत नाही. ती पट्टी शोध: साहेबांच्या कागदांच्या फाइलीत, हत्यारांच्या डब्यात, कोठ्यातल्या फळीवर. नवी पट्टी ठोकून देतो म्हणणारा भेटला तं त्याले चहा पाजून वाटेले लाव. बोअरचा फोटो काढून ठेव, मोजायची पट्टी त्यात दिसली पाह्यजे. अन् डायनॅमो बदललेला हाय, हे सूनबाईनं घेणाऱ्याले आपणहूनच सांगावं.