मदत हवी आहे: मेलेले जिवाणू जिवंतांपेक्षा जास्त विष उचलतात?

नमस्कार मंडळी,

अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतेय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलेय. विषय असा की प्रोबायोटिक जिवाणू वापरून द्रवातलं अफ्लाटॉक्सिन बी१ काढायचं. बुरशीचं हे विष उकळून जात नाही. ते मोडेपर्यंत तापवलं तर अन्नाचा कोळसा होईल, म्हणून जिवाणूंकडे वळले.

लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी घेतला (२०२० पासून त्याचं घराणं लॅक्टिकेसिबॅसिलस झालंय, पण आमच्या कुपीवर जुनंच नाव आहे). मिलिलिटरला साधारण हजार कोटी पेशी, विष ५ मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर ठेवलं, सेंट्रिफ्यूज केलं (गरगर फिरवून पेशी तळाला बसवल्या) आणि वरच्या निवळीत किती उरलं ते मोजलं. बरंच कमी झालं. इथवर सगळं छान.

मग तुलनेसाठी त्याच पेशी उकळून मारल्या. यांच्याकडून काही व्हायला नको ना? तर त्यांनी जिवंतांपेक्षा थोडं जास्तच उचललं! लेबलांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा केलं, तरी तेच.

पुढची गंमत म्हणजे तळाचा गोळा साध्या पाण्याने धुतला तर थोडं विष परत आलं, क्लोरोफॉर्मने धुतला तर जवळजवळ सगळं. विष तपासायच्या प्लेटवरचा टिपका यूव्ही दिव्याखाली निळा चमकला, म्हणजे विष शाबूत, आणि माझ्या पोटात दुसरा गोळा आला. सर म्हणतात, "मग काढलं काय तुम्ही?"

माझं कुठे चुकतंय? जाणकारांनी कृपया सांगा.

निवळशंख: चुकत नाहीये. जिवाणू विष खात नाहीत, ते त्यांच्या पेशीभित्तीला चिकटतं. भित्तीतली पॉलिसॅकराइड्स आणि पेप्टिडोग्लायकन हे काम करतात, त्याला जीव लागत नाही. उष्णतेने किंवा आम्लाने भित्ती सैल होते, चिकटायला जागा वाढते. फिनलंडमधल्या कुओपिओच्या गटाने १९९८ मध्येच हे दाखवलंय. पकड कच्ची असते, म्हणून धुतल्यावर सुटतं. पेशी मात्र भरपूर लागतात, मिलिलिटरला २०० कोटींच्या खाली गेलात की परिणाम घसरतो. अहवालात 'नष्ट केलं' लिहू नका, 'बांधलं' लिहा. सरांचा अर्धा आक्षेप तिथेच संपेल.

विष खरंच मोडणारे जिवाणू वेगळे. १९६६ मधलं फ्लेवोबॅक्टेरियम ऑरँशियाकमचं काम बघा, पण तो काही प्रोबायोटिक नव्हे.

जुनी_कुपी: जिवाणूंशिवाय नुसत्या विषाची नळी ठेवली होतीत का? अफ्लाटॉक्सिन नळीच्या भिंतीलाही चिकटतं. आणि ५ मायक्रोग्रॅम म्हणजे लिटरला ५०००. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्यात बी१ची मर्यादा किलोला २ आहे. इतक्या कमी मात्रेवर तुमचे जिवाणू काय करतात हा खरा प्रश्न. हातमोजे घालता ना? भांडी ब्लीचमध्ये बुडवा, उगाच शौर्य नको.

मूळ धागा: हातमोजे आहेत. नुसत्या विषाची नळी नव्हती 🙈 पण गोळ्यातून सुटलेलं विष पुढे पोटातही सुटेल ना?

निवळशंख: काही सुटेलही. पण चीनमधल्या ग्वांगझूत ९० तरुणांना एलसी-७०५ (ऱ्हॅम्नोससचाच दुसरा वाण) आणि एक प्रोपिओनिबॅक्टेरियम पाच आठवडे दिले होते. अफ्लाटॉक्सिनने डीएनएला केलेल्या इजेची लघवीतली खूण कमी झाली. निकाल २००६ मध्ये आला. म्हणजे आतड्यात काहीतरी अडतंय. मात्र बुरशी आलेलं अन्न यामुळे खाण्याजोगं होत नाही, ते टाकायचंच.

मूळ धागा: आज नुसत्या विषाची नळी लावली. जिवाणू नसतानाही निवळीतलं विष थोडं घटलं! आता जुने सगळे आकडे दुरुस्त करायला बसतेय. उद्या काचेच्या नळ्या लावून बघते.