तबकडी असो वा भूत, वास गंधकाचाच का?

रातकिडा
मंडळी, सध्या यूएफओ म्हणजे उडत्या तबकड्या आणि भुताखेतांच्या जुन्या नोंदी वाचायचं खूळ डोक्यात शिरलंय. दिवे किती होते, आकार कसा होता, यावर दोन साक्षीदारांचं जमत नाही. वासाचा विषय निघाला की मात्र गंधक, जळका धातू किंवा कुजकी अंडी, यापलीकडे फारसं कुणी जात नाही.

१२ सप्टेंबर १९५२ चं वेस्ट व्हर्जिनियातलं फ्लॅटवुड्सचं प्रकरण घ्या. काही मुलांना आकाशातून तेजस्वी काहीतरी जाताना दिसलं. कॅथलीन मे या बाईंना सोबत घेऊन ती टेकडीवर गेली, तिथे उंच, चमकत्या डोळ्यांचं काहीतरी दिसलं आणि सगळे धूम पळाले. उल्का आणि फांदीवरचं गव्हाणी घुबड हा खुलासा मला पटतो. उल्का त्या संध्याकाळी इतर राज्यांतूनही दिसली होती. पण झोंबणारं धुकं, घशाची आग, मळमळ यांचं काय? घुबडाने घसा कसा जळेल? वास हा पुरावा धरायचा की सोडून द्यायचा?

खडूस
सोडून द्या. १६३८ मध्ये इंग्लंडात वाइडकोंबच्या चर्चवर भर प्रार्थनेत वीज कोसळली, माणसं मेली. वाचलेल्यांनी गंधकाची दुर्गंधी सांगितली आणि खापर सैतानावर फोडलं. आज तीच नोंद लोक गोलक विजेचं, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या विजेच्या गोळ्याचं, उदाहरण म्हणून वाचतात. तीनशे वर्षं उशिरा घडलं असतं तर तबकडी उतरली म्हणाले असते.

वायुमापक
खडूसराव, इतक्या घाईने सोडू नका. कारखान्यांतले गॅस डिटेक्टर अचूक मोजतात ना हे तपासून जुळवणं, म्हणजे कॅलिब्रेट करणं, हे माझं काम. 'कसलातरी वास येतोय' हे मी उठता-बसता ऐकतो. कसला वास हे मी सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो की पहिल्यांदा कुणाला आला, तेव्हा बाकीचे कुठे होते आणि त्याला नाव कुणी दिलं. एकाने 'गॅस' म्हटलं की मागचे सगळे गॅसच सांगतात. खोटं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच येतो.

१८९९ मध्ये एडविन स्लॉसन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने आपला भरवर्गात केलेला प्रयोग छापला. बाटलीतलं द्रव कापसावर ओतलं आणि सांगितलं, याचा वास उग्र आहे, ज्याला येईल त्याने हात वर करायचा. पंधरा सेकंदांत पुढच्या रांगेतले बहुतेक हात वर. मग वास शिस्तीत मागे सरकत गेला आणि शेवटी तीन चतुर्थांश वर्गाला आला. पुढचे काही जण अस्वस्थ होऊन उठायच्या बेतात आले म्हणून प्रयोग आवरता घ्यावा लागला. बाटलीत शुद्ध पाणी होतं.

हेच गावभर झालं तर? इलिनॉयमधलं मॅटून, सप्टेंबर १९४४. खिडकीतून गोडसर वास आला आणि पाय लुळे पडले, अशी एका बाईंची तक्रार. स्थानिक पेपरने भुलीचं औषध फवारणाऱ्या चोराची ठळक बातमी दिली आणि तक्रारींची रांग लागली. फवारणारा कुणी सापडला नाही आणि दोनेक आठवड्यांत सगळं थंडावलं.

आता दुसरी बाजू, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तुमची कुजकी अंडी, नाकाला अब्जात काही भाग इतक्या प्रमाणातही कळतो. मात्र दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि नेमका तेव्हाच मरणाच्या जवळ असतो. 'ती आकृती नाहीशी झाली आणि वासही एकदम थांबला' असं कुठे वाचलं की माझं लक्ष आकृतीवरून उडतं.

वापरात नसलेल्या न्हाणीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराची हवा अडवणाऱ्या नळीच्या बाकातलं, पाणी आटलं की गटाराची हवा थेट खोलीत येते. प्लगचं प्लास्टिक तापलं की चक्क मासळीसारखा वास येतो. तिथे मांत्रिक नको, वायरमन बोलवा. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. १९२१ मध्ये एका अमेरिकन नेत्रवैद्यक नियतकालिकात एका 'झपाटलेल्या' घराची हकिकत आली होती: पावलांचे आवाज, डोकेदुखी, सुकणारी झाडं. दोष घर तापवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीतून येणाऱ्या याच वायूचा निघाला.

फ्लॅटवुड्समध्ये त्याच रात्री नंतर पोचलेल्या बातमीदारानेही जमिनीलगत वास असल्याचं सांगितलं. पण तो तिथे गेला तेव्हा धुक्याची गोष्ट ऐकून गेला होता. वर्गातल्या मागच्या रांगेसारखाच.

अबोली_२
एक शक्यता राहिली. मला टेम्पोरल लोबचे, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातून उठणारे अपस्माराचे, झटके येतात. सुरुवात वासाने होते: जळकं रबर, त्यात काहीतरी सडल्यासारखं. पोटातून भीती वर चढते, हे सगळं आधी घडलंय असं वाटतं, आणि पाठीमागे कुणीतरी उभं असल्याची पक्की खात्री. मिनिटभरात संपतं. निदान व्हायच्या आधी मी हे कुणाला सांगितलं असतं तर तुमच्या नोंदींत सहज एक ओळ वाढली असती.

फरक एवढाच की माझा वास माझ्याबरोबर फिरतो. खोली बदला, खिडकी उघडा, तो तसाच. शेजारच्याला कधीच येत नाही. असा वास पुन्हा पुन्हा येत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, प्लीज.

रातकिडा
अबोलीताई, मनापासून आभार. वायुमापक, म्हणजे आकाशातून खरंच काही पडलं आणि खरंच वास आला, असं घडलेलंच नाही?

वायुमापक
घडलंय की. पेरूमधलं करांकास, १५ सप्टेंबर २००७. उल्का पडली, सुमारे तेरा मीटर रुंद खड्डा झाला, त्यात पाणी उकळताना दिसलं, उग्र वाफा आल्या आणि बघायला गेलेल्या कित्येकांना मळमळ, डोकेदुखी. उल्केतलं लोहाचं सल्फाइड किंवा भूजलातलं आर्सेनिक, असे दोन अंदाज मांडले गेले. इथे निदान खड्डा होता, दगड होता, नमुने घेता आले.

खडूस
आणि परग्रहाचं नाही, पण चंद्राचं सांगतो. अपोलोचे अंतराळवीर यानात परत येऊन हेल्मेट काढायचे तेव्हा कपड्यांवरच्या धुळीला नुकत्याच उडवलेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास यायचा. अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिटचं तर नाक चोंदलं होतं. पृथ्वीवर आणलेल्या त्याच धुळीला तो वास उरला नाही. वायुमापक, यात तुमची मागची रांग कुठे बसते ते सांगा.

वायुमापक
बसत नाही. धुळीने नाक चोंदतं, सूचनेने नाही.